एकशे ऐंशी हर्ट्झ आणि एक किडा

श्रावणातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, डिचोली येथील आमच्या राहत्या घरी, नव्या मॉनिटरच्या पडद्याआड एक किडा मरण पावला. किड्याची लांबी अंदाजे एक मिलिमीटर होती. त्याला मी मारले. घटनेच्या वेळी माझी पत्नी, माझी मोठी बहीण आणि माझी मुलगी अशा तीन प्रत्यक्षदर्शी हजर होत्या. तिघींच्या जबान्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. (माझी जुळत नाही.)

पार्श्वभूमी अशी. मी बत्तीस वर्षे एका मराठी दैनिकात होतो. सुरुवातीला बातमीदार, नंतर उपसंपादक. खात्री झाल्याशिवाय काहीही पुढे पाठवायचे नाही, ही सवय तिथे लागली. निवृत्तीनंतर पुढे पाठवायला काही उरले नाही, सवय मात्र राहिली. घरात तिला खोड म्हणतात.

मुलगी सिद्धी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संगणकावर नेमबाजीचा खेळ खेळते. हा छंद आहे असे मी एकदा म्हणालो होतो. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोव्यातल्या महाविद्यालयांचा पाच जणांचा एक संघ निवडला जाणार होता. निवडीचा सामना प्रत्येकाने आपापल्या घरून, ऑनलाइन, दोन गटांत खेळायचा होता; गुण मात्र ज्याचे त्याचे. सिद्धीने पहिला टप्पा पार केला होता. आता एकच सामना उरला होता आणि तिच्या मते एकच अडचण.

"बाबा, आपला मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. बाकीच्यांचा एकशे ऐंशी वेळा. मला समोरचा दिसेपर्यंत त्यानं मला मारलेलं असतं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मेल्यावर आपलं आपल्याला कळतं, बाबा."

तिने मोबाइलवर एक मॉनिटर दाखवला. सत्तावीस इंची, एकशे ऐंशी हर्ट्झचा, आयपीएस पॅनलचा. "हाच हवा," म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो.

माझ्या पत्नीचे, सुनीताचे, म्हणणे असे की अपघात त्याच वेळी झाला. किडा वगैरे नंतरचे तपशील.

पुढचे पाच आठवडे मी बघत होतो. दोनशे पानी वही केली. त्यात पॅनलच्या जाती, त्यांचे गुण, त्यांच्यावरील आरोप आणि आरोपांचे खुलासे असे चार रकाने होते. व्हीए पॅनलचा काळा रंग खरोखर काळा असतो. पण अंधारातून कोणी धावले की त्याच्यामागे काळपट ओघळ राहतो. ओलेडचे रंग सर्वांत सरस. पण एकच चित्र तासन् तास ठेवले तर त्याची छाप कायमची बसण्याची शक्यता. आयपीएसचे रंग खरे, बाजूने पाहिले तरी न बदलणारे. मात्र कोपऱ्यांतून प्रकाश थोडा पाझरतो. तिघांवरही आरोप होते. निर्दोष कोणीच नव्हते. इतकी वर्षे विधानसभेचे वार्तांकन केल्यामुळे मला याचे आश्चर्य वाटले नाही.

कागदावरची माहिती पुरेशी नव्हती म्हणून म्हापशाच्या एका दुकानात गेलो. एकदा नव्हे, सहा वेळा. तिथे बसवराज नावाचा बेळगावकडचा तरुण विक्री आणि दुरुस्ती दोन्ही पाहतो. पहिल्या भेटीत तो मला "या सर" म्हणाला, तिसऱ्या भेटीत "आलात व्हय सर" म्हणाला आणि पाचव्या भेटीत मला पाहून जेवायला गेला. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

रंग तपासण्यासाठी मी पेन ड्राइव्हवर दोन छायाचित्रे नेली होती. एक शिरगावच्या खाणीचे, दुसरे मयेच्या तळ्याचे. डिचोलीत वाढलेल्या माणसाला लाल रंग कोणी शिकवावा लागत नाही. खाणीची धूळ त्याने झाडांवर, शर्टावर आणि निदान एका लग्नात तरी पानातल्या भातावर पाहिलेली असते. त्यामुळे कुठला पडदा खरे बोलतो आणि कुठला नाही, हे मला लगेच कळणार होते.

"ह्या पडद्यावर खाण वांग्याच्या रंगाची दिसते," मी म्हणालो.

"सर, पोरगी ह्यावर खाण बघणार हाय का?"

"प्रश्न अचूकतेचा आहे."

"मग ह्यो बघा आयपीएस."

त्या पडद्यावर खाण खाणीसारखी दिसली. तळे तळ्यासारखे दिसले. मी वहीत नोंद केली आणि म्हणालो, "आता वेगाचं काय?"

बसवराजने शेजारी-शेजारी दोन मॉनिटर लावले. एक साठचा, दुसरा एकशे ऐंशीचा. दोन्हींवर एक चेंडू डावीकडून उजवीकडे पळत होता.

"फरक स्पष्ट आहे," मी म्हणालो.

"कुठला जास्तीचा, सर?"

मी बोट दाखवले. तो साठचा होता. (दुकानात त्या वेळी आणखी चार गिऱ्हाइके होती. त्यांची नावे मिळू शकली नाहीत.)

सहाव्या भेटीला सुनीता सोबत आली. तिने अर्धा तास उभे राहून माझी चौकशी ऐकली. मग बसवराजला म्हणाली, "मला बघायला आले होते तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणाले. पोहेसुद्धा संपले नव्हते."

"तेव्हा मी शिकाऊ बातमीदार होतो," मी म्हणालो.

"मग आता कोणी कामावर ठेवलंय तुम्हाला?"

त्याच दिवशी मी मॉनिटर निवडला. सत्तावीस इंची, एकशे ऐंशी हर्ट्झचा, आयपीएस पॅनलचा. पाच आठवड्यांपूर्वी सिद्धीने दाखवलेला तो हाच. हे मी घरी सांगितले नाही. खोक्यावर छापलेले होते.

स्कूटरवर धक्के बसतात म्हणून खोके मी बसने आणले. त्याचे वेगळे तिकीट काढून त्याला खिडकीजवळ बसवले आणि मी शेजारी बसलो; सुनीता मागच्या बाकावर. त्याच दुपारी जुना मॉनिटर गावातल्या वाचनालयाला भेट दिला आणि त्याची सहा ओळींची बातमी करून माझ्या जुन्या कचेरीला पाठवली. ती छापून आली. या सगळ्या प्रकरणात निर्दोष पार पडलेले काम तेवढेच.

तो बुधवार होता. सामना रविवारी. सिद्धी कॉलेजमधून आली ती थेट खोक्यापाशीच.

"बाबा, जोडू?"

"तपासणी झाल्यावर."

"कसली तपासणी? दुकानात सहा वेळा झाली ना?"

"तो नमुन्याचा मॉनिटर होता. हा आपला आहे. एखादा पिक्सेल मेलेला असला तर?"

"असू दे मेलेला! मला चार दिवस आहेत सरावाला!"

"म्हणूनच आज तपासतो," मी म्हणालो. तिने दप्तर जमिनीवर ठेवले. (ठेवले हा सौम्य शब्द आहे.)

मृत पिक्सेल शोधण्याची रीत सोपी असते. पडदा पूर्ण पांढरा करायचा आणि काळा ठिपका दिसतो का ते पाहायचे. बहुतेक लोक हे अर्ध्या मिनिटात उरकतात. मी पडद्यावर कागदाच्या पट्ट्या टेकवून वर्तमानपत्राच्या पानासारखे आठ स्तंभ पाडले आणि मुद्रितशोधन करावे तसा पहिल्या स्तंभाच्या माथ्यापासून, हातात फूटपट्टी घेऊन, खाली उतरू लागलो. पांढरा रंग नीट दिसावा म्हणून घरातले बाकी सगळे दिवे बंद केले. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते.

माझी मोठी बहीण, आक्का, श्रावणात चार दिवस राहायला पेडण्याहून आली होती. ती अंधारातून चाचपडत दारात आली.

"वसंता, तिनसांजेक घरातले दिवे मालवतत? आवशीन हेंच शिकवलां तुका?"

"आक्का, पडदा तपासतोय."

"तपास मरे. पण ह्यां जनेल तरी उघडां ठेय. हंय जीव गुदमरता माझो." आणि तिने स्वतःच खिडकी उघडली.

आमच्या खिडकीबाहेर भातशेती आहे. दोन दिवस पाऊस थांबलेला होता. अशा संध्याकाळी शेतातून काय काय उडते, हे गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून तर आपल्याकडे दिवेलागणीला खिडक्या लावून घेतात. त्या क्षणी मैलभराच्या परिसरातली सर्वांत पांढरी, सर्वांत तेजस्वी वस्तू माझ्या टेबलावर होती. परिसरातल्या कीटकांनी तिची दखल घेतली.

मी त्यांची घेतली नाही. मी चौथ्या स्तंभात होतो. काही किडे पडद्यावर बसले, त्यांना फूटपट्टीने बाजूला केले. पाचव्या स्तंभात, वरून चौदा सेंटिमीटरवर, एक काळा ठिपका दिसला. फूटपट्टीने हलला नाही. पुसून पाहिले, पुसला गेला नाही. मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. वहीत नोंद केली : "स्तंभ पाच. मृत पिक्सेल, एक."

चहा घेऊन परत आलो तर ठिपका तिथे नव्हता. सहाव्या स्तंभात होता. मी नोंद खोडून लिहिले, "दुरुस्ती : स्तंभ सहा." दहा मिनिटांनी आणखी एक दुरुस्ती केली. मृत पिक्सेल जागचा हलत नाही, हे मला माहीत होते. तरीही मी तिसरी दुरुस्ती लिहिली.

मागे सिद्धी उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "तो चालतोय."

"कोण?"

"तुमचा मृत पिक्सेल."

मी चष्मा पुसला आणि जवळ गेलो. ठिपक्याला पाय होते.

तो काचेवर नव्हता, काचेच्या आत होता. चौकटीच्या फटीतून शिरून पडद्याच्या थरांमध्ये जाऊन पोहोचला होता आणि उजेडात आरामात फिरत होता. मी बसवराजला फोन लावला.

"सर, त्याला दाबू नका," तो घाईघाईने म्हणाला. "दाबला की मेला, आणि मेला की कायमचा ऱ्हायला. आतून काढता येत न्हाई त्याला."

"मग उपाय?"

"पडदा बंद करा. बाजूला एक दिवा लावा. खोलीत अंधार करा. उजेड बघून आपण होऊन येतंय भायेर."

"किती वेळात?"

"ते आता त्याच्या मनावर हाय की सर."

"याला काही अधिकृत आधार?"

"सर, तुम्ही नुस्तं दाबू नका," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पडदा बंद केला. सुनीताने टेबलावरचा दिवा चौकटीच्या उजव्या कडेला आणून लावला. आम्ही चौघे अंधारात बसून वाट पाहू लागलो. वीस मिनिटे झाली.

"गेला असेल," सुनीता म्हणाली.

"असेल म्हणजे काय? खात्री करायला हवी," मी म्हणालो आणि पडदा लावला. किडा कडेपासून दोन बोटांवर होता. पडदा उजळताच तो थांबला, वळला आणि मध्याकडे निघाला.

"बाबा! बंद करा! तुम्ही त्याला परत बोलावताय!"

बंद केला. अर्ध्या तासाने पुन्हा खात्री केली. किडा कडेपासून एका बोटावर होता. बसवराजसारखा तोही मला पाहून परत फिरला. त्यानंतर सिद्धीने मॉनिटरची वायर काढून आपल्या उशीखाली ठेवली आणि जेवायला गेली.

गुरुवारी सकाळी सिद्धीने वायर जोडून क्षणभर पाहिले : परिस्थिती जैसे थे. दुपारी आक्काने सूत्रे हाती घेतली. "धुंवर घाल मेल्या. नारळाची सोडणां पेटय आणि धुंवर घाल. धुंवराक रेडो सुद्धा गोठ्यातसून भायर येता, ह्यो तर किडो!" तिने मातीच्या भांड्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची वाळकी साले, पेटवली आणि धूर करून ते भांडे मॉनिटरच्या मागे ठेवले. धुराचा परिणाम ताबडतोब झाला. सुनीता बाहेर आली, सिद्धी बाहेर आली, मी बाहेर आलो, शेवटी आक्कासुद्धा खोकत बाहेर आली. किडा तेवढा आत राहिला.

सात वाजता धूर ओसरला. मी सिद्धीकडून वायर मागून घेतली आणि पडदा लावला. धुराला घाबरून किडा कडेपासून लांब, जवळजवळ मध्यावर जाऊन बसला होता.

"आहे," मी जाहीर केले.

"कुठे?" सुनीता म्हणाली. "मला तर काही दिसत नाही."

"हा काय."

"नाही हो. कालपासून तुम्ही किडा किडा करताय, मला एकदाही दिसला नाही. तुमच्या डोळ्यांतच काहीतरी असेल."

"हा बघ."

"कुठे?"

"हा."

"अहो पण कुठे?"

आयुष्यात माझ्या अनेक बातम्यांचा इन्कार झाला आहे. मंत्र्यांनी केला आहे, नगराध्यक्षांनी केला आहे. पण पुरावा समोर चालत असताना स्वतःच्या घरात इन्कार होण्याची ही पहिलीच वेळ.

"हा काय! इथे!" मी म्हणालो आणि बोट टेकवले.

सात वाजून बारा मिनिटे.

"हां," सुनीता म्हणाली. "आता दिसला."

"मारलो," आक्का म्हणाली.

सिद्धी पडद्याजवळ आली. ठिपक्याकडे पाहिले, मग माझ्या बोटाकडे पाहिले आणि खोलीबाहेर गेली. दार आपटले असते तर बरे वाटले असते. तिने ते हळू लावले.

शुक्रवारी बसवराजला कळवले. तो म्हणाला, "दाबलात न्हवं?" मी म्हणालो, दाबला नाही, दाखवला. तो म्हणाला, किडे हमीत बसत नाहीत. मृत पिक्सेल पाचांहून जास्त असले तर कंपनी मॉनिटर बदलून देते.

"एकच आहे. आणि तो पिक्सेल नाही."

"मग खिडकी उघडी ठेवा की सर. येतील अजून."

सिद्धीने शुक्रवार-शनिवार त्याच पडद्यावर सराव केला. पहिल्या तासात तिने दोन वेळा किड्यावरच गोळी झाडली. तिचा प्रतिस्पर्धी लांब असला की नेमका किड्याच्या आड लपे. शनिवारी दुपारी मी दबकत तिच्या खोलीत डोकावलो.

"चाललंय का?"

"सवय होतेय," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "वेग मात्र भारी आहे, बाबा. लोणी आहे नुसतं." मी ते वाक्य वहीत लिहून घेतले.

रविवारी दुपारी चारला सामना होता. नियमानुसार खेळाडूच्या मागे मोबाइलचा कॅमेरा लावायचा होता, म्हणजे पंचाला खेळाडू आणि पडदा दोन्ही दिसावेत. पावणेचारला पंच मोबाइलवर आला. आवाजावरून बाविसेक वर्षांचा असावा.

"सिद्धी, स्क्रीनच्या मध्ये स्टिकर लावलायस तो काढ."

"स्टिकर नाही. किडा आहे."

"मग उडव."

"आत आहे. मेलेला."

"आत कसा मेला?"

सिद्धीने कॅमेरा माझ्याकडे वळवला.

पंचाने समजावून सांगितले ते असे. या खेळात काही बंदुकांना नेम धरण्याची खूण नसते. काही खेळाडू पडद्याच्या मध्यावर ठिपका चिकटवतात आणि त्याच्या आधारे नेम धरतात. ही फसवणूक ठरते. सबब, मध्यावर कोणतीही खूण चालत नाही. किड्याला सूट असल्याचा उल्लेख नियमांत नाही.

"अंकल, हा मुद्दाम ठेवलेला नाही ना?"

"मुळीच नाही. तो मध्यापासून दोन मिलिमीटर डावीकडे आणि एक मिलिमीटर वर आहे. मुद्दाम ठेवला असता तर बरोबर मध्यावर ठेवला असता."

"म्हणजे तुम्ही मोजलंय?"

माझ्या या उत्तराने आमच्या बाजूला मदत झाली नाही.

"लेखी द्या," पंच म्हणाला. मी मोबाइलवर भराभर निवेदन लिहून पाठवले : पॅनलची निवड, तपासणीची पद्धत, खिडकी, धूर, पत्नीने घेतलेली शंका. पंचाने ते वाचले.

"अंकल, हे खूप लांब आहे. दोन ओळींत द्या."

बत्तीस वर्षे मी लोकांना हेच सांगत आलो. मी दोन ओळी लिहिल्या : "किडा मी मारला. मुलीचा संबंध नाही."

"ठीक आहे," पंच म्हणाला. "सिद्धी, तुझ्यावर कारवाई नाही. पण स्क्रीन बदल. पंधरा मिनिटं देतो. नाहीतर सामना गेला."

जुना मॉनिटर वाचनालयात होता. वाचनालय रविवारी बंद. किल्ली ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल मयेला सासुरवाडीला. सिद्धीने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते पुसायलाही तिला वेळ नव्हता.

"टीव्ही," सुनीता म्हणाली.

आम्ही तिघे संगणक उचलून बाहेरच्या खोलीत पळालो. तिथे आक्का खुर्चीत बसून पाककृतींचा कार्यक्रम बघत होती.

"आक्का, टीव्ही हवाय!"

"आताच अळवडी तेलात सोडली हा. तळून होवंदी."

"आते, माझा सामना जाईल गो!"

आक्काने रिमोट लगेच दिला. "माका आधी सांगूक नको? घे बाय. पण मी हंयसून उठूचंय नाय. माका बघूचां असा."

वायर टीव्हीच्या मागे जोडली. चित्र आले आणि गेले. वायर हाताने धरून ठेवली की येई, सोडली की जाई. वायर बदलायला वेळ नव्हता.

"बाबा," सिद्धी कानांवर हेडफोन चढवत म्हणाली, "मागे उभे राहा. ही धरून ठेवा. काही तपासू नका. नुसती धरा."

मी टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, वायर धरून उभा राहिलो. सामना सुरू झाला. मी या सामन्याचा प्रत्यक्षदर्शी नाही. पुढील माहिती आवाजांवरून मिळालेली आहे.

सुरुवातीची काही मिनिटे फक्त कळफलकाचा खडखडाट होता. मग सिद्धीच्या मागून कोणीतरी आले असावे, कारण आक्का ओरडली, "सिद्ध्या, फाटल्यान इलो! मार तेका!"

गोळीचा आवाज. मग सिद्धीचा, "आते! तो आपला होता!"

मोबाइलमधून पंच म्हणाला, "खोलीत कोण बोलतंय? बाहेरून मदत चालत नाही. हा पहिला इशारा. दुसऱ्यांदा बोललं तर खेळाडू बाद."

"मदत खंय केलंय मी?" आक्का म्हणाली. सुनीताने बहुधा तिच्या तोंडावर हात ठेवला असावा. पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.

त्याच वेळी रस्त्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला. सुनीता धावत गेली आणि गरम उंडे, आमच्याकडचे गोल पाव, घेऊन आली. "आक्का, खावा." तोंडात पाव असताना आक्का बोलत नाही, कमी शिस्तीच्या घरांत बोलतात, असे तिचे मत आहे. त्यानंतरचा सामना मी उंड्यांवरून मोजला. पहिला उंडा संपेपर्यंत सिद्धीने दोघांना मारले. दुसऱ्या उंड्याला ती स्वतः मेली आणि पुन्हा सुरुवात झाली. टीव्हीवर सगळे उशिरा दिसत होते. ती प्रत्येक वेळी "दिसला, दिसला" म्हणायची आणि मी वायर आणखी घट्ट धरायचो. एकदा घामाने वायर हातातून निसटत होती. दोन्ही हातांनी धरली. तिसरा उंडा चालू असताना आक्का घशातून काहीतरी मोठा आवाज काढू लागली, पण तो शब्द नव्हता, म्हणून पंचाने तो धरला नाही.

मग खडखडाट थांबला.

मला मागे वळून बघता येत नव्हते. कोणीतरी माझ्या बोटांमधून वायर हळूच सोडवून घेतली. सिद्धी होती.

"बाबा, आता सोडा," ती म्हणाली. "चौथी आले."

"पाच जण घेणार आहेत ना?"

"पाच."

"नक्की?"

"बाबा!"

निवडीचे पत्र मंगळवारी आले. पुढची फेरी पणजीतल्या एका सभागृहात होणार असून तिथे मॉनिटर आयोजकच पुरवणार आहेत. पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत एक वाक्य आहे : "पालकांनी कोणत्याही पडद्याला बोट लावू नये." निवड झालेल्या उरलेल्या चारही खेळाडूंच्या घरी मी फोन करून विचारले. त्यांच्या पत्रांत हे वाक्य नाही.